मुंजीच्या आठवड्यातले ९५ तास

मृत्यूची वेळ: शुक्रवार, पहाटे ५:४०. ठिकाण: जबलपूरमधल्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग. वय ६३, वजन ६२ किलो, ११ वर्षांचा मधुमेह.

ही बाई कुणी एक नाही. घर, वेळा, आकडे जुळवलेले आहेत. आजाराची चाल मात्र जशी असते तशीच ठेवली आहे.

सोमवार, सकाळी ६:४०. ९५ तास बाकी.

राईट टाउनमधलं जुनं घर. १९५६ मध्ये हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला आलं, तेव्हा सासरे इथे आले. नातवाची मुंज गुरुवारी आहे. बाई संडासातून बाहेर येतात त्या भिंतीला हात धरून. लघवीला आग होते आहे, पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटतं, आणि होते चमचाभर. कुणाला सांगत नाहीत. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

सोमवार, ११:१५. ९० तास २५ मिनिटं.

सुनेला सांगतात: ‘उन्हाळी लागलीय गं.’ मे महिना आहे, बाहेर ४३ अंश. निदान घरातल्या सगळ्यांना पटतं. धने-जिऱ्याचं पाणी, भिजवलेला सब्जा, दुपारी नारळपाणी.

पाणी पिणं चांगलंच. पण जंतू आता मूत्राशयात आहेत, बहुधा ई. कोलाय, दहातल्या सात-आठ वेळा तोच असतो. बाईच्या मूत्रमार्गाची लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर, त्यामुळे त्याला फार चालावं लागत नाही. लघवीत साखर असेल तर पुढे सोयच सोय. या घटकेला उपाय एवढाच: डॉक्टरांना दाखवणं, लघवीची तपासणी आणि काही दिवसांच्या कॅप्सूल. खर्च आहेराच्या पाकिटाहून कमी.

सोमवार, रात्री ८:३०. ८१ तास १० मिनिटं.

मुलगा गोल बाजारात पत्रावळी बघायला गेला आहे. येताना मेडिकलमध्ये थांबतो. ‘भैया, जलन की कोई दवा?’ दुकानदार एक सिरप देतो आणि दहाच्या पत्त्यातून चार गोळ्या कापून देतो. नॉरफ्लॉक्सासिन, ४०० मिलिग्रॅम. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून पत्त्याच्या मागे उभी लाल रेघ असते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्या रेघेची मोहीमच काढली होती. मुलगा गोळ्या शर्टाच्या खिशात टाकतो.

नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांना भारतातला ई. कोलाय फारशी दाद देत नाही, हे आयसीएमआरचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आहेत. चार गोळ्या म्हणजे दोन दिवस.

मंगळवार, सकाळी ९:००. ६८ तास ४० मिनिटं.

आग कमी झाली आहे. सिरपने लघवीची आम्लता उतरते, त्यामुळे आग उतरते. जंतू मरत नाहीत.

‘आई, संध्याकाळी दाखवून येऊ?’

‘अरे, उतार आहे मला. मुंज झाली की जाऊ.’

मुलगा दुसऱ्यांदा विचारत नाही. विचारावं असं काही दिसतही नाही. बाई ओट्याशी उभ्या राहून अनारशांचं पीठ बघत आहेत. या चार दिवसांत डॉक्टरांकडे जायचं ठरण्याच्या सगळ्यात जवळ घर आलं ते इथे.

मंगळवार, दुपारी ४:००.

नागपूरची मंडळी येतात. ११ माणसं, संडास एक. बाई पाणी कमी पितात, म्हणजे सारखं उठावं लागत नाही.

बुधवार, पहाटे २:५०. ५० तास ५० मिनिटं.

दातावर दात आपटण्याच्या आवाजाने नवऱ्याला जाग येते. बाई गोधडी घेऊन बसल्या आहेत आणि पलंग हलतो आहे. तो कूलर बंद करतो, कपाटातून दुलई काढतो. मे महिन्यात, जबलपुरात, दुलई. कापरं २० मिनिटं टिकतं. मग अंग भाजतं. उजव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली मागच्या बाजूला हात लावू देत नाहीत.

आजाराने जागा बदलली आहे. आग म्हणजे मूत्राशय. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं म्हणजे मूत्रपिंड. एवढा भेद ज्याला ठाऊक आहे तो याच वेळी गाडी काढतो. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर सकाळची वाट बघण्याचंही कारण उरत नाही. जिल्हा रुग्णालय, म्हणजे जबलपूरकरांचं व्हिक्टोरिया, गावातच आहे. गढ्याकडे मेडिकल कॉलेज आहे.

नवरा बिस्किटांच्या डब्यातून पॅरासिटामॉल ६५० काढतो. साडेचारला दरदरून घाम येतो, ताप उतरतो. दोघांना झोप लागते.

बुधवार, ११:०५. ४२ तास ३५ मिनिटं.

थर्मामीटर ९९.४ दाखवतो. सकाळची गोळी घेऊन दोन तास झाले आहेत; हा आकडा गोळीचा आहे. ‘व्हायरल असेल, सगळीकडे चालू आहे,’ असं कुणीतरी म्हणतं.

भाचा नागपुरात डॉक्टर आहे. फोनवर तो नेमका प्रश्न विचारतो: ‘मावशी, थंडी वाजून आला होता का ताप?’

‘नाही रे, जराशी कणकण होती.’

तरीही तो सांगतो: लघवी कल्चरला द्या, आणि आजच कुणाला तरी दाखवा. सून कोपऱ्यावरून निर्जंतुक डबी आणते. ११:४० ला ती भरली जाते. फ्रिजमध्ये ठेवायला बाई देत नाहीत. उद्याच्या नैवेद्याचं दूध आहे त्यात. डबी न्हाणीघराच्या खिडकीत राहते. साध्या तापमानात असा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. १२ वाजता गुरुजी सामानाची यादी घेऊन येतात. दर्भ कमी आहेत, पळसाचा दंड आणायचा राहिला आहे. मुलगा स्कूटर घेऊन त्यासाठी जातो.

संध्याकाळी ७ ला सून डबी मोरीत ओतते. ‘उद्या सकाळची ताजी देऊ.’

गुरुवार, सकाळी ८:२०. २१ तास २० मिनिटं.

७ वाजता पुन्हा ६५०. एक उलटी, कुणाला न कळता. मातृभोजनाच्या वेळी बाई बटूच्या मागे खुर्चीवर बसल्या आहेत, हिरवी पैठणी, हातात अक्षता. मुहूर्त ९:१२. त्यांचा श्वास मिनिटाला २६ वेळा चालला आहे, पण मंगलाष्टकांत आजीचे श्वास कोण मोजणार?

गुरुवार, दुपारी १:४०. १६ तास.

हात थंड लागतात. थर्मामीटर: ९६.२. घरभर बातमी जाते: आईंचा ताप उतरला.

मोठ्या जंतुसंसर्गात अंग असं गार पडणं हे ताप चढण्यापेक्षा वाईट लक्षण आहे.

भिक्षावळ झाली का, असं बाई तीनदा विचारतात. ती त्यांच्याच हातून झाली होती. सुनेला त्या आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. ‘दगदग झालीय, पडू द्या त्यांना.’ खोलीचं दार लोटलं जातं. सकाळी ९ नंतर त्या लघवीला गेलेल्या नाहीत. तीन दिवस सारखं उठणारी बाई आता उठत नाही, याचं घराला बरंच वाटतं.

२० वर्षांच्या मुलीचंही असं होऊ शकतं. मारियाना ब्रिदी ही ब्राझीलची मॉडेल. डिसेंबर २००८ च्या अखेरीला तिला आधी मुतखडा असल्याचं सांगण्यात आलं. आजार मूत्रमार्गाच्या संसर्गाचा होता. रक्तात विष पसरल्यावर हातपाय कापावे लागले. २४ जानेवारी २००९ ला ती गेली.

गुरुवार, संध्याकाळी ६:५०. १० तास ५० मिनिटं.

बाईंना उभं राहता येत नाही. जवळच्या दवाखान्यात: रक्तदाब ८२/५०, नाडी १२८, श्वास ३०, साखर ३८८. डॉक्टर सलाइन सुरू करतात आणि म्हणतात, ‘यहाँ नहीं होगा, आयसीयू चाहिए.’ पहिल्या ठिकाणी खाट नाही. दुसऱ्या ठिकाणी ८:३५ ला पोचतात.

गुरुवार, रात्री ९:१०. ८ तास ३० मिनिटं.

योग्य अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून जातो. कॅनडातल्या डॉ. आनंद कुमार यांनी २००६ मध्ये अशा २,१५४ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. रक्तदाब कोसळल्यावर पहिल्या तासात परिणामकारक औषध मिळालेल्यांपैकी जवळजवळ ८० टक्के वाचले. पुढे पहिल्या सहा तासांत, उशिराच्या प्रत्येक तासाला हे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलं. इथे रक्तदाब मोजून २ तास २० मिनिटं झाली आहेत. तो कोसळला कधी, याची नोंद नाही.

वजनाच्या हिशेबाने १,८६० मिलिलिटर सलाइन. रक्तदाब ८८. नॉरअ‍ॅड्रेनालिन सुरू. सीटीत उजव्या मूत्रपिंडाच्या आत हवा दिसते: साखरेवर पोसलेल्या जंतूंनी तयार केलेला वायू. मधुमेह्यांतच बहुतेक हे दिसतं.

शुक्रवार, रात्री १२:३०. ५ तास १० मिनिटं.

९ पासून पिशवीत लघवी १५ मिलिलिटर. तासाला किमान ३१ हवी होती.

३:१५ ला व्हेंटिलेटर. ५:०५ ला हृदय थांबतं, पुन्हा चालू होतं. ५:४० ला चालू होत नाही.

शुक्रवार, सकाळी ६:२५.

मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर कारणं ओळीने लिहायची असतात. अ: सेप्टिक शॉक. ब: मूत्रपिंडाचा संसर्ग. इतर: मधुमेह. प्रत्येक ओळीपुढे एक रकाना आहे, आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा अंदाजे काळ.

‘तकलीफ कब से थी?’ ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो.

‘कल दोपहर से,’ मुलगा म्हणतो.

सून म्हणते, मंगळवारी रात्री थंडी वाजली होती, बाबांनी दुलई काढली होती. मग तिला सब्जा आठवतो. सोमवार.

‘रविवारी रात्री ती चारदा उठली होती,’ नवरा मराठीत म्हणतो. डॉक्टरला ते कळत नाही. कुणी हिंदीत सांगत नाही. तो रकान्यात लिहितो: ४ दिवस.