शाम्पू, बंगलो आणि पजामाज: घरातल्या इंग्रजीचा इतिहास

इयरफोन लावलेत ना? आजचे शब्द घर, कपडे आणि अंघोळीचे. पण पाठांतर नको, आज जरा इतिहास सांगतो. तुमच्यातले बरेच जण मला म्हणतात, "दादा, इंग्रजी बोलायला लागलं की परक्याच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटतं." बघू या, घर कितपत परकं आहे ते.

बाथरूमपासून सुरू करू. शाम्पू हा शब्द हिंदीतल्या 'चाँपो'वरून आला. चाँपो म्हणजे दाब, चोळ. आपण 'पाय चेपून दे' म्हणतो, साधारण तसंच. अठराव्या शतकात तो इंग्रजीत गेला आणि बरीच वर्षं त्याचा अर्थ मालिश असाच होता, केसांचा संबंधच नव्हता!

तो इंग्लंडात गाजवला शेख दीन मोहम्मद यांनी. जन्म 1759, पाटणा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी केली आणि 1784 मध्ये, पंचविशीत, आयर्लंडमधल्या कॉर्कला गेले. तिथे इंग्रजी पक्कं केलं आणि 1794 मध्ये आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं. भारतीय माणसानं इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. म्हणजे दहा वर्षांत! 'आता वय झालं, इंग्रजी काय जमणार' म्हणणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलांनो, ऐकताय ना?

पुढे 1810 मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी जेवणाचं हॉटेल काढलं. दोन वर्षांत दिवाळं निघालं. मग ब्रायटनला, समुद्रकाठी, वाफेची अंघोळ आणि मालिश सुरू केली. ती इतकी चालली की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते 'शाम्पूइंग सर्जन' झाले. मला हे पद फारच आवडतं. केस धुण्याचा अर्थ साधारण 1860 च्या आसपास रुळला. आता तर इंग्रज गालिचालाही शाम्पू करतात.

पण एक सांभाळा. शब्द आपल्याकडचा असला तरी अर्थ तिकडे जाऊन बदलतो. बंगलो घ्या. मूळ अर्थ बंगाली धाटणीचं घर. आपल्याकडे बंगला म्हटलं की श्रीमंती, वर मजला, समोर बाग. ब्रिटनमध्ये बंगलो म्हणजे मुळात एकमजली घर. जिने चढवत नाहीत म्हणून म्हातारी माणसं हौसेनं घेतात. त्यामुळे "आमचा दोन मजली बंगलो आहे" हे इंग्रजीत सांगितलंत, तर समोरचा गोंधळेल.

पायजम्याचं तेच. इंग्रजीत पजामाज म्हणजे रात्रीचा शर्ट-पँटचा जोड, आणि शब्द नेहमी अनेकवचनी. 1920 च्या दशकात अमेरिकेत 'द कॅट्स पजामाज' ही म्हण निघाली. मांजराचे पायजमे म्हणजे काय? 'एकदम झकास'! अर्थ शोधत बसू नका, त्या काळच्या पोरांची मस्ती होती ती.

काही शब्द गोऱ्या सैनिकांनी तिकडे नेले. 'हॅव अ डेको' म्हणजे एक नजर टाक, आपलं 'देखो'. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी. तो 'खुशी'वरून आलाय, उशीवाल्या कुशनवरून नाही. मात्र मुलाखतीत "मला कुशी जॉब हवा" म्हणू नका, नोकरी जाईल. आणि डेको आता जुनाट वाटतो. कळला म्हणजे पुरे.

शेवटी खास आपला एक. मंगूस हा इंग्रजी शब्द आपल्या मराठी मुंगसावरून गेलाय. गूस म्हणजे हंसाशी त्याचं काही नातं नाही. म्हणून अनेकवचन मंगूसेस, मंगीस नव्हे.