भिंतीतली भट्टी : चुलीपासून बिल्ट-इन ओव्हनपर्यंत

आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटला की किल्ले येतात, मिठागरं येतात, रेल्वे येते. आज आपण स्वयंपाकघरात जाणार आहोत, आणि तेही अगदी आजच्या स्वयंपाकघरात.

पालघरला, बोईसरला नव्या इमारतींत नमुना-फ्लॅट बघायला गेलात की ओट्याशेजारी एक उभं कपाट दाखवतात. त्याच्या मधोमध काळ्या काचेचं दार. हा बिल्ट-इन ओव्हन, म्हणजे कपाटात कायमचा बसवलेला. मग घरात चर्चा सुरू होते. घ्यायचा का? कुठला घ्यायचा? किती लिटरचा? हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा असं आपण धरून चालतो. पण त्याची निम्मी उत्तरं इतिहासात आहेत. ओव्हन आपल्या घरात इतकी शतकं का नव्हता, हे कळलं की आता तो कसा निवडायचा हेही कळतं.

सुरुवात चुलीपासून करू. चूल हीच आपली मूळची 'बिल्ट-इन' वस्तू. माती, शेण, तूस कालवून ती घरातली बाई स्वतः घालायची. तोंड केवढं ठेवायचं? घरात जे मोठं पातेलं असेल, तेवढं. शेजारी वैल, म्हणजे आतल्या आत जाणाऱ्या उष्णतेवर दुसरं भांडं. माणसं वाढली, भांडं बदललं, की चूल मोडून नवी घालायची. म्हणजे चुलीचं माप घर ठरवायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुढे ते लागणार आहे.

चुलीची उष्णता खालून येते. भाकरी दोन-तीन मिनिटांत होते, जाळ ओढून घेतला की खर्च थांबतो. भट्टीचं गणित वेगळं. तिथे आधी विटांचा घुमट तापवायचा, मग त्या साठलेल्या उष्णतेत पदार्थ भाजायचा. चार माणसांच्या जेवणासाठी एवढं सरपण जाळणं कुणालाच परवडत नाही. पाचशे पाव भाजायचे असतील तरच भट्टी परवडते.

आता कुणी म्हणेल, युरोपात तर घरोघरी भट्ट्या होत्या. नव्हत्या. मध्ययुगीन फ्रान्समध्ये गावची भट्टी जमीनदाराची असायची, आणि लोकांनी तिथेच, मोबदला देऊन, पाव भाजून घ्यायचा असा दंडक होता. मोरोक्कोच्या जुन्या शहरांत आजही पीठ घरी मळतात आणि गल्लीतल्या भट्टीवर भाजायला पाठवतात. तेव्हा भट्टी घराबाहेर असणं हे मागासलेपण वगैरे काही नव्हतं. तो इंधनाचा हिशेब होता.

आपल्या किनाऱ्यावर पाव आला तो पोर्तुगीजांबरोबर. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती सुटली. त्याच मोहिमेत, त्याच वर्षी आपला तारापूरचा किल्लाही मराठ्यांनी घेतला. दोनशे वर्षांचा हा सहवास. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज आहे. गोव्यात पावाचं पीठ ताडी-माडीवर फुगवायचे, आणि ताडीची तर आपल्याकडे वाण नाही.

पण पाव नुसता आला नाही, त्याच्याबरोबर एक भीतीही आली. विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट वसई पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती घडली तशीच घडली का, हा वेगळा विषय. ती सांगितली जात होती, हेच आपल्यासाठी महत्त्वाचं. भट्टीतला पदार्थ म्हणजे दुसऱ्याच्या हाताचा पदार्थ. पीठ कुणी मळलं, अंडं पडलं का, काही माहीत नाही.

ही धास्ती किती खोल होती याचा पुरावा पुण्यात आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मंडळी हजर होती. नंतर चहा आणि बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि त्यावरून ग्रामण्य उभं राहिलं. प्रायश्चित्ताचा वाद कित्येक महिने चालला. एका बिस्किटावरून! दिल्लीत १८९८ मध्ये 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली. बिस्किट हवं, पण भट्टीवरचा हात आपला हवा, हा तिच्या नावातच अर्थ आहे.

म्हणजे भट्टीला घराबाहेर ठेवणारे दोन पहारेकरी झाले. एक इंधन, दुसरा विटाळ. तरीही चहूबाजूंनी भाजलेल्या पदार्थाची चव आपल्या लोकांना माहीत होती, आणि त्यांनी तिची सोय करून घेतली होती. कोकणात काकडीचं धोंडस करतात. पातेलं मंद निखाऱ्यावर, झाकणावरही निखारे. पाठारे प्रभूंचं भानोलं असंच. पारशांचा कुमास नावाचा केक असाच, आणि त्यात ताडी. आपल्याकडची उकडहंडी घ्या. मडक्यात भाज्या आणि पाला भरायचा, तोंड बंद करायचं आणि बाहेरून जाळ घालायचा. ओव्हन म्हणजे काय, तर बंद जागा आणि सगळीकडून उष्णता. मडकं हाच ओव्हन झाला की! फक्त तो भिंतीत नव्हता, आणि काम झालं की विझत होता.

विसाव्या शतकात चूल हलती झाली. आधी शेगडी, मग पंपाचा स्टोव्ह. १९५५ च्या सुमाराला मुंबईत 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस मिळू लागला. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला, बाई उभी राहिली. भाजणं मात्र अजून बाहेरच होतं. इथे बसलेल्या कित्येकांना आठवत असेल, दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. पत्र्याच्या डब्यावर नाव लिहिलेलं. फ्रान्समधल्या त्या गावभट्टीचंच हे आपलं रूप, फक्त जमीनदार नाही. विटाळाचा पहारेकरी तोवर बराच थकला होता. पीठ आपलं, तूप आपलं, भट्टी तेवढी त्याची, अशी तडजोड झाली होती.

मग आला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन. वर झाकण, झाकणात काचेची खिडकी, खाली विजेची कॉइल. त्यात वाढदिवसाचा केक व्हायचा. ज्यांच्याकडे तो नव्हता, त्यांनी कुकरची शिटी काढून, तळाला वाळू किंवा मीठ पसरून केक केला. आता पहारेकरी एकच उरला, इंधन. आणि इंधन म्हणजे आता वीज.

इथे आपलं तारापूर येतं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीबरोबर १९६४ मध्ये करार झाला आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांची वीज व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. आपल्या भाषेची गंमत बघा. 'भट्टी' हा शब्द पावालाही चालतो आणि अणूलाही. आणखी एक योगायोग म्हणजे हीच जनरल इलेक्ट्रिक १९५६ पासून अमेरिकेत मोठी जाहिरात-मोहीम चालवत होती. विजेवरचं घर म्हणजे सुखी घर, असा तिचा सूर होता. विजेची शेगडी, विजेचा ओव्हन, भिंतीत बसवलेला. म्हणजे एकच कंपनी एकीकडे वीज तयार करणारी भट्टी विकत होती आणि दुसरीकडे ती वीज खाणारी भट्टी.

आपल्या वाट्याला त्यातली पहिली आली. वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत वाटली गेली. टॅप्स कॉलनी उभी राहिली, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, देशभरातली माणसं इथे राहायला आली. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्या गावांतल्या चुलीही उठल्या, हे आजच्या विषयात सांगायलाच हवं. आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर अजून सरपणाची मोळी डोक्यावरून येते. एकाच जिल्ह्यात काळ्या काचेचा ओव्हनही आहे आणि तीन दगडांची चूलही.

आता शेवटचा धागा. हा ओव्हन भिंतीत गेला कसा? १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं मोजून ओटा, कपाटं, शेगडी ठरवली. असे जवळजवळ दहा हजार ओटे बसले. घरातल्या बाईचे कष्ट वाचावेत हा हेतू चांगला होता. पण त्यातून एक गोष्ट कायमची आली. स्वयंपाकघराचं माप कारखान्यात ठरू लागलं. आजचं मॉड्युलर किचन तिथूनच आलेलं आहे. युरोपीय पद्धतीत कपाटाची रुंदी ६० सेंटीमीटर, म्हणून ओव्हनही त्याच मापाचा.

चुलीचं वाक्य आठवतंय ना? चुलीचं माप घर ठरवायचं. आता ओव्हनचं माप घर ठरवू पाहतं, म्हणजे घराला ओव्हनच्या मापात बसवलं जातं. निवडताना जी फसगत होते ती इथे होते. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, नवी घरं झाली. तीस-चाळीस वर्षांचं कर्तृत्व घालून माणूस घर घेतो, आणि कपाटात खाच आहे म्हणून तिथे ओव्हन बसवतो. म्हणून आपण चुलीची रीत परत आणायची. आधी घर बघायचं, मग वस्तू.

पहिलं, तार बघा. बिल्ट-इन ओव्हन साधारण अडीच ते साडेतीन किलोवॅटचा असतो. तीन किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि मीटरपाशी स्वतःचा एमसीबी हवा. मिक्सरच्या पॉइंटवरून वायर ओढून चालणार नाही. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो वाचा. ओव्हन तीन, गिझर दोन, एसी दीड, असे साडेसहा किलोवॅट एका वेळी लागले तर काय होईल, हे इलेक्ट्रिशियनला सुताराच्या आधी विचारा. पहारेकरी म्हटला तो हाच. तो अजून दारात उभा आहे.

दुसरं, भांडी बघा. साठ-सत्तर लिटरच्या ओव्हनमध्ये दिवाळीची नानकटाई दोन-तीन घाण्यांत उरकते. पण वाटीभर भाजी गरम करायला तो तापवणं म्हणजे चार भाकऱ्यांसाठी बेकरीची भट्टी पेटवणं. रिकामा तापायलाच त्याला दहा-पंधरा मिनिटं जातात. महिन्याचा हिशेब मांडा. आपण किती वेळा भाजतो? आठवड्यातून दोन-तीनदा केक, पाव, भानोलं, तंदुरी होत असेल, कुणी घरगुती ऑर्डर घेत असेल, तर बिल्ट-इन घ्या. त्यात तापमान स्थिर राहतं, वरची-खालची उष्णता वेगळी लावता येते आणि पंखा ती सगळीकडे फिरवतो. वर्षातून चारदाच भाजत असाल तर ओट्यावर ठेवायचा ओटीजी पुरतो, आणि घर बदललं तर उचलून नेता येतो. तो गोल ओव्हनचा नातू आहे. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरं, हवा बघा. चिंचणी-तारापूरकडे खारा वारा, बोईसरकडे कारखान्यांची हवा, आणि चार महिने पाऊस. साधा पत्रा गंजतो. ओव्हनच्या मागे हवा खेळायला जागा सोडलेली असावी आणि कपाटाचं प्लायवुड दमटपणाला टिकणारं असावं. तालुक्यांत २०१८ पासून अधूनमधून भूकंपाचे छोटे धक्के बसतायत, विशेषतः डहाणू-तलासरीकडे. तेव्हा बाजूचे स्क्रू कपाटात नीट आवळलेत ना, हे बसवतानाच बघा. आणि कंपनीचा दुरुस्तीवाला बोईसरला येतो की मुंबईहून बोलवावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारा.

चौथं, उंची. फ्रँकफुर्टच्या त्या बाईंनी पावलं मोजली होती, आपण खांदे मोजू. गरम ट्रे काढणाऱ्या माणसाच्या छातीच्या थोडा खाली ओव्हन यायला हवा. डोक्याच्या पातळीला नको आणि वाकावं लागेल इतका खालीही नको. घरात ट्रे काढणार कोण, ते आधी ठरवा आणि त्यांनाच कपाटासमोर उभं करून खूण करा. चूल घालणारी बाई हेच करायची, आपल्या हाताच्या अंतराने.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. म्हणजे भट्टीचा आणि इंधनाचा तो जुना हिशेब अजून मिटलेला नाही. बेकरीवाला तो त्याच्या परीने मांडतोय, पाड्यावरची बाई मोळी बांधताना रोज मांडते. आपल्या घरातल्या ओव्हनसाठी तो आपल्याला एकदाच मांडायचा आहे, आणि तोही प्लायवुडला खाच पाडायच्या आधी.

आता प्रश्न असतील तर घेऊ.