चार बाइटांचा पाऊस

अंबत्तूरचा २ डिसेंबर २०१५ चा पाऊस काढायचा, तर पुण्याहून आलेल्या एका फाइलमधले पहिले २,३३,५०,३६० बाइट ओलांडायचे आणि पुढचे चार वाचायचे. या फाइलमध्ये हेडर नाही, तारीख नाही, गावाचं नाव नाही. नोटपॅडमध्ये उघडली तर अर्थहीन चिन्हांचा सडा दिसतो. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने तयार केलेली ही देशाच्या दैनिक पावसाची फाइल आहे.

मी मूळची साताऱ्याची. मद्रासमधल्या, म्हणजे आजच्या चेन्नईतल्या, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, पावसाळी गटारांची गणितं करणाऱ्या एका लहान कंपनीत मी सी आणि सी++ मध्ये प्रोग्राम लिहिते. १९६४ साली वसवलेली ही वसाहत कोरट्टूर आणि अंबत्तूर या तलावांच्या शेजारी आहे. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. २०१५ च्या डिसेंबरात वसाहतीत पाणी शिरलं होतं. त्यामुळे ते चार बाइट माझ्यासाठी केवळ आकडा नाहीत. ते माझ्यापर्यंत कसे पोचले, तो प्रवास मद्रासपासून सुरू होऊन पुण्यामार्गे पुन्हा मद्रासला येतो.

ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या नुंगमबाक्कम भागात १७९२ मध्ये वेधशाळा उभारली. तिथला ग्रॅनाइटचा खांब अजून आहे. त्यावर तमिळ, तेलुगूसह अनेक भाषांत मजकूर कोरलेला आहे, कारण पुढे कोण वाचेल आणि कोणत्या भाषेत वाचेल, याचा विचार तो उभारणाऱ्यांनी केला होता. हवेच्या नोंदी १७९६ पासून आणि पावसाच्या १८१३ पासून मिळतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या एन. ए. सोनटक्के आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये भारताच्या पावसाची जी दीर्घ मालिका प्रसिद्ध केली, ती १८१३ पासून सुरू होते, ती या मद्रासच्या नोंदींमुळेच. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची शाईची नोंद त्यांना वापरता आली, कारण तारीख, इंच आणि लिहिणाऱ्याचा शेरा सगळं त्याच पानावर होतं.

पुढे आकडे माणसाच्या डोळ्यांपासून दूर गेले. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. त्याच वर्षी आयबीएमने ८० रकान्यांचं पंच कार्ड बाजारात आणलं. पुढच्या दशकांत पुण्यात पावसाचे आकडे अशाच कार्डांवर भोकांच्या रूपाने चढले. कोणत्या रकान्यांत केंद्राचा क्रमांक, कोणत्यात तारीख, कोणत्यात पाऊस, हे कार्ड स्वतः सांगत नाही. त्यासाठी वेगळा कागद जपावा लागतो. १९५७ मध्ये फोरट्रान भाषा आली आणि तो कागद प्रोग्रामच्या आत गेला. पहिले पाच रकाने अमुक, पुढचे दोन तमुक, असं सांगणारी फॉरमॅटची ओळ ही नोंद वाचायची किल्ली झाली. नंतर चुंबकीय फिती आल्या. १९७७ मध्ये पुण्यात राष्ट्रीय विदा केंद्र उभं राहिलं. जागा वाचवण्यासाठी आकडे बायनरीत जाऊ लागले आणि किल्लीशिवाय काहीच उरलं नाही.

जगात यावर एक उपाय निघाला: वर्णन फाइलच्याच पोटात ठेवायचं. खगोलशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये फिट्स स्वरूप ठरवलं. त्याच्या हेडरची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, म्हणजे पंच कार्डाएवढी, आणि ठोकळा २,८८० बाइटांचा, जेणेकरून त्या काळच्या बहुतेक संगणकांच्या शब्दलांबीने तो नीट विभागला जावा. हवामानासाठी नेटसीडीएफ आणि सर्वसाधारण वापरासाठी एचडीएफ ही स्वरूपं १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या मूळ फाइली फिट्समध्ये बदलून जगभर वापरल्या जातात. पुण्याच्या आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून खगोलीय तक्ते वाचणारा सी++ पार्सरही लिहिला होता.

हवामान विभागाने पावसासाठी वेगळी वाट धरली, आणि मला ती मनापासून आवडते. डी. एस. पै, लता श्रीधर, एम. राजीवन, ओ. पी. श्रीजित, एन. एस. सातभाई आणि बी. मुखोपाध्याय यांनी २०१४ मध्ये ‘मौसम’ या नियतकालिकात पाव अंशाच्या जाळीवरचा दैनिक पाऊस मांडला. त्यासाठी १९०१ पासूनच्या ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या. फाइल अगदी उघडीवाघडी बायनरी ठेवली, पण सोबत ती वाचणारा छोटासा प्रोग्राम दिला. आकड्यांबरोबर किल्लीही हातात ठेवली.

त्या प्रोग्रामवरून फाइलची सगळी रचना उमगते. रेखांश ६६.५ ते १००, म्हणजे १३५ स्तंभ. अक्षांश ६.५ ते ३८.५, म्हणजे १२९ ओळी. प्रत्येक आकडा चार बाइटांचा. एका दिवसाला ६९,६६० बाइट. साध्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइटांची, लीप वर्षाची ६९,६६० ने मोठी. त्यामुळे नुसत्या आकारावरून फाइल पूर्ण आली की तुटली ते कळतं. सीमध्ये ॲरे [१२९][१३५] असा लिहायचा, फोरट्रानमध्ये (१३५,१२९) असा उलटा, कारण स्मृतीत आकडे मांडण्याची दोन्ही भाषांची रीत उलट आहे. फोरट्रानमध्ये फाइल नेहमीच्या अनफॉरमॅटेड पद्धतीने उघडली तर ती प्रत्येक नोंदीच्या पुढेमागे लांबीची खूण शोधते. इथे ती नाही, म्हणून डायरेक्ट किंवा स्ट्रीम पद्धतीनेच उघडावी लागते. समुद्र आणि परदेश -९९९ ने भरलेले असतात. ते गाळायला विसरलं तर सरासरी पाऊस शून्याच्या खाली जातो.

अंबत्तूर १३.११ उत्तर, ८०.१५ पूर्व. सगळ्यांत जवळचा बिंदू १३.० आणि ८०.२५. शून्यापासून मोजता २६ वी ओळ, ५५ वा स्तंभ. म्हणजे दिवसाच्या आत १४,२६० बाइटांवर. २ डिसेंबरच्या आधीचे ३३५ दिवस त्यात मिळवले की सुरुवातीची संख्या येते. तिथे सापडतो तो आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून त्या दिवशी साडेआठपर्यंतचा पाऊस. तोही अंबत्तूरच्या पर्जन्यमापकातला नव्हे, तर शेपर्डच्या पद्धतीने आसपासच्या केंद्रांवरून काढलेला, जवळ त्याला जास्त वजन. त्या चोवीस तासांत तांबरमला ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. असं टोक सुमारे २७ किलोमीटरच्या जाळीत पसरून बोथट होतं. गटाराची रुंदी ठरवताना मी हे धरून चालते आणि स्थानिक केंद्राचा आकडा शेजारी ठेवते. आकडा कसा तयार झाला हे छापलेलं आहे, म्हणूनच ही खबरदारी घेता येते.

उलट अनुभवही आहे. एका कार्यालयाकडून आम्हाला तासातासाच्या पावसाच्या जुन्या फाइली मिळाल्या. प्रत्येक फाइल १७,५२० बाइटांची. वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे तासाला दोन बाइट, एवढं आकारावरून ओळखलं. पण आकडा मिलिमीटरचा की त्याच्या दशांशाचा, तास भारतीय वेळेचा की ग्रिनिचचा, नोंद नसलेल्या तासाला काय लिहिलं, हे सांगणारा प्रोग्राम हरवला होता आणि लिहिणारा निवृत्त होऊन गेला होता. भर पावसात पर्जन्यमापकाशी उभं राहून कोणीतरी घेतलेली ती मेहनत आम्हाला आराखड्यात वापरता आली नाही.

मराठी माणसाला हे दुःख नवं नाही. इथून दक्षिणेला तंजावरच्या सरस्वती महालात मराठी राज्याचे मोडी कागद आहेत. कागद टिकले, शाई टिकली, वाचणारे मात्र मोजके उरले. मोडीचं शिक्षण पुन्हा सुरू होतं तेव्हाच रुमालांत बांधलेले ते कागद बोलू लागतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तालुक्याचा पाऊस असो, धरणाची पातळी असो की विहिरीची खोली, जो विभाग आकडे देईल त्याने ते वाचणारा छोटा प्रोग्रामही द्यावा, मूळ कोडसकट, एकक, वेळ आणि रिकाम्या जागेची खूण लिहून. सीमधल्या तीस ओळी पुरतात. ही भाषा पन्नास वर्षं टिकली आहे आणि आज लिहिलेला साधा प्रोग्राम आणखी पन्नास वर्षांनी कंपाइल होईल असा मला विश्वास आहे. पुण्याच्या मंडळींनी तसा प्रोग्राम दिला, म्हणून १९०१ पासूनचा पाऊस आज अंबत्तूरच्या गटाराच्या कामी येतो.