क्लब होते, साथीदार नव्हते

रस्त्यावरच्या हौशी सायकल शर्यतीत एकाच क्लबची जर्सी घातलेले चारपाच जण एकमेकांसाठी राबताना दिसतात. त्यांतला एक पुढे निसटला की बाकीचे घोळक्याच्या तोंडाशी येऊन वेग मुद्दाम मंद ठेवतात. कुणाचं चाक पंक्चर झालं तर दुसरा मागे थांबून त्याला पुन्हा घोळक्यापर्यंत ओढून आणतो. आठवडाभर नोकरी करून रविवारी विनामोबदला केलेली ही धडपड पाहिली की क्लबातल्या मैत्रीचंच हे फळ असं वाटतं. ब्रिटनचा इतिहास मात्र उलट साक्ष देतो. तिथे जवळजवळ पन्नास वर्षं सायकल क्लबांचं उदंड पीक होतं, दोस्ती होती, रस्त्यावर चुरसही होती. फक्त शर्यतीतला साथीदार नव्हता. तो मैत्रीतून आला नाही. स्पर्धेचा नियम बदलला तेव्हा आला.

१८८८च्या लोकल गव्हर्न्मेंट ॲक्टनं सायकलीला गाडीचा दर्जा दिला आणि रस्त्यावरचा तिचा हक्क कायद्यानं मान्य झाला. हा हक्क अजून कोवळा होता. अशात जुलै १८९४ मध्ये नॉर्थ रोड क्लबच्या पन्नास मैलांच्या शर्यतीत एका बाईच्या गाडीचा घोडा बिथरला आणि काही स्पर्धक कोसळले. फ्रेडरिक बिडलेक त्यांत होता. पोलिसांची वक्रदृष्टी वळली. शर्यतींपायी सायकलच रस्त्यावरून हद्दपार होईल या धास्तीनं नॅशनल सायक्लिस्ट्स युनियननं, म्हणजे खेळाच्याच संघटनेनं, रस्त्यावरच्या शर्यतींवर बंदी घातली. बिडलेकनं त्यातून पळवाट काढली: स्पर्धकांना एकेक करून ठरावीक अंतरानं सोडायचं आणि लढत घड्याळाशी लावायची. ही टाइम ट्रायल. भल्या पहाटे, अंगभर काळे कपडे घालून, गुप्त सांकेतिक नावाच्या रस्त्यावर ती चाले. शर्यत चालू आहे हे वाटसरूला कळू नये, हाच सगळा खटाटोप. युनियनला भित्री म्हणणं सोपं आहे. पण मिळून सहाच वर्षं झालेला हक्क जपणाऱ्यांची भीती मला अगदीच निराधार वाटत नाही. त्या भीतीची किंमत काय पडली, हा प्रश्न वेगळा.

सायकलच्या शर्यतीत वारा हा खरा प्रतिस्पर्धी. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवणाऱ्याची पाव ते तृतीयांश ताकद वाचते. म्हणूनच सपाटीवर एकटा पुढे गेलेला बहुधा पकडला जातो. घाटात वेग पडतो, तिथे हा आडोसा फारसा उपयोगी नाही. मुंबई–पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा मान एकट्याच्या पायांना मिळतो तो उगाच नव्हे. टाइम ट्रायलनं नेमका हा आडोसाच गुन्हा ठरवला. मागून गाठलेल्या स्पर्धकानं पुढच्याच्या मागे लपायचं नाही, हा तिचा पहिला धर्म. यावर कुणी म्हणेल की टाइम ट्रायलमध्येही सांघिक बक्षीस असे. असे खरं, एका क्लबच्या तिघा वेगवान स्पर्धकांच्या वेळांची बेरीज करून ते दिलं जाई. पण ती बेरीजच होती. तिघांनी रस्त्यात एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही तरी चालत असे. १९२२ची हौशी जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्ये टाइम ट्रायल म्हणून झाली, तेव्हा डेव्ह मार्शसह पहिले तिघेही ब्रिटिशच होते. घड्याळाशी लढण्यात ते कच्चे नव्हते.

कच्चेपण दुसरीकडे उघडं पडलं. १९३७ मध्ये तूर द फ्रान्समध्ये प्रथमच ब्रिटिश उतरले: चार्ल्स हॉलंड आणि बिल बर्ल, जोडीला कॅनडाचा पिएर गाशॉं. गाशॉं पहिल्याच दिवशी गळाला, बर्ल दुसऱ्या दिवशी. हॉलंड एकटाच पिरनीजपर्यंत झुंजला, पंक्चरांनी बेजार होऊन अखेर थांबला. चाक द्यायला, थांबायला त्याचं कुणी नव्हतं. फ्रान्समध्ये ही साथ उपजतच होती असंही नाही. तूरचा जनक आंरी देग्रांज याला स्पर्धकांची आपसातली मदत म्हणजे लबाडी वाटे. १९११ मध्ये फ्रांस्वा फाबेरला साथ दिल्याबद्दल मोरिस ब्रोकोवर तो तुटून पडला होता. पण सगळे एकत्र सुटतात तिथे आडोसा असतोच आणि आडोशाची देवघेवही अटळ असते. अखेर १९३० मध्ये देग्रांजनं स्वतःच राष्ट्रीय संघ आणले.

ब्रिटनमध्ये ही कोंडी फोडली वुल्व्हरहॅम्प्टनच्या पर्सी स्टॅलर्डनं. १९३३च्या जागतिक स्पर्धेत तो स्वतः घोळक्यात धावला होता. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईनं रस्ते ओस पडले. मग बंदीला आधार काय, असं त्यानं युनियनला विचारलं. उत्तर नकाराचंच होतं. तरी पोलिसांची संमती मिळवून ७ जून १९४२ रोजी त्यानं लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी ५९ मैलांची शर्यत भरवली. ४० स्पर्धक एकत्र सुटले, अल्बर्ट प्राइस जिंकला, रस्ता ठप्प झाला नाही की कुणाचा घोडा बिथरला नाही. युनियननं संबंधितांना निलंबित केलं. नोव्हेंबरमध्ये बंडखोरांनी ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स स्थापन केली. हे बंड सहसा स्वातंत्र्याची कथा म्हणून सांगतात. मला त्याचं दुसरं अंग मोठं वाटतं: क्लबातला सोबती त्या दिवसापासून शर्यतीत उपयोगी पडू शकत होता.

आक्षेप असा येईल की हौशी शर्यतीत कसली आलीय सांघिकता; पगारी संघात हुकूम चालतो, इथे जो तो आपल्या बक्षिसासाठी. यात तथ्य आहे, आणि गावपातळीवर पुष्कळ क्लब ऐनवेळी विस्कटतातही. पण साथीदाराचं पहिलं काम कष्टाचं नसतंच, ते न करण्याचं असतं: आपला माणूस पुढे गेला असेल तर त्याचा पाठलाग करायचा नाही. त्याला ना पगार लागतो, ना कप्तान. पुढची पायरी, म्हणजे पाळीपाळीनं तोंडाशी येऊन वारा झेलणं, क्लबच्या रविवारच्या सहलींत सवयीची होतीच. मैत्रीनं कौशल्य दिलं होतं, ते वापरायला जागा नव्हती, एवढंच. एकत्र सुटण्याची मुभा मिळाल्यावर बदल झरझर झाला: १९४५ मध्ये लीगनं ब्रायटन ते ग्लासगो अशी टप्प्यांची शर्यत घेतली, १९५५ मध्ये दहा ब्रिटिशांचा संघ तूरला गेला, आणि त्यातले ब्रायन रॉबिन्सन व टोनी होर पॅरिसपर्यंत पोचले. १९५९ मध्ये लीग आणि युनियन एक झाले. स्टॅलर्डला हा विश्वासघात वाटला, पण पुढच्याच वर्षी सरकारी नियमावलीनं रस्त्यावरच्या शर्यतींना रीतसर चौकट दिली. टाइम ट्रायल मात्र या एकीतून बाहेरच राहिली. तिचा कारभार आजही वेगळी संस्था पाहते.