कसोटीस लावलेलें सत्य

‘प्रॅग्मॅटिझम’ या पाश्चात्य विचारास मराठींत फलप्रामाण्यवाद असें म्हणतात. हें नांव ऐकतांच पुष्कळांचा असा ग्रह होतो कीं, ज्यांत लाभ तें सत्य, एवढेंच या मताचें सार असावें. हा ग्रह चुकीचा कां, हें करवीरच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

मूळ विचार साधा आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनीं १८७८ सालीं असें मांडलें कीं, एखाद्या कल्पनेचा अर्थ समजावयाचा तर ती मानल्यानें अनुभवांत कोणता फरक पडेल हें पाहावें. विल्यम जेम्स यांनीं १९०७ सालच्या आपल्या ग्रंथांत हीच दृष्टि सत्यास लावली. जॉन ड्यूई यांनीं पुढें जाऊन सांगितलें कीं, विचार हें अडचणींतून वाट काढण्याचें साधन आहे, आणि प्रत्येक मत प्रयोगानें पारखून घेतलें पाहिजे.

आतां कोल्हापूरकडे वळूं. अमुक जातींत जन्मलेल्यांस विद्या साधत नाहीं, हें मत पिढ्यान् पिढ्या सिद्ध सत्य म्हणून चाललें होतें. परंतु तें पारखलें कोणी? ज्यांस शाळेचें दार बंद, त्यांच्या निरक्षरतेकडेच बोट दाखवून त्यांची अपात्रता सिद्ध होत असे. मत स्वतःच आपला पुरावा निर्माण करी.

हें चक्र शाहू छत्रपति महाराजांनीं मोडलें. २६ जुलै १९०२ च्या आज्ञेनें संस्थानांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्यांत आल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचें ठरलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद होऊन त्यांच्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांनीं महाराजांच्या साह्यानें शहरांत चहाचें दुकान घातलें. प्रथम गिऱ्हाइकें फिरकेनात. तेव्हां महाराज दुकानासमोर गाडी थांबवून तेथील चहा घेऊं लागले, आणि बरोबरच्या मंडळींसही तो घ्यावा लागे. दुकानाचें नांव होतें ‘सत्यसुधारक’. शिवल्यानें बाटतें या समजुतीची परीक्षा भर रस्त्यावर होऊं लागली.

महाराज राज्यकर्ते होते. तत्त्वज्ञानाचा पंथ त्यांनीं काढला नाहीं. परंतु मार्च १९२० मध्यें कोल्हापूर संस्थानांतील माणगांवच्या परिषदेंत ज्या तरुण विद्वानाचा त्यांनीं अस्पृश्यांचा खरा पुढारी म्हणून गौरव केला, ते डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत प्रत्यक्ष ड्यूईंचे विद्यार्थी होते. १९३६ सालच्या आपल्या जातिनिर्मूलनावरील भाषणग्रंथांत त्यांनीं गुरूंचें ऋण नमूद केलें, आणि नियम व तत्त्व यांतील भेदावर भर दिला. नियम काय करावें एवढेंच सांगतो. तत्त्व विचार करावयास लावतें व कृतीची जबाबदारी करणाऱ्यावर टाकतें.

येथें एक आक्षेप उभा राहतो. फळावरून सत्य ठरवावयाचें, तर फळ कोणास मिळालें तें पाहावयाचें? जुन्या रूढीचीं फळें कांहींच्या वांट्यास गोडच आलीं होतीं. ड्यूईंचें उत्तर असें कीं, ज्या समाजांत माणसामाणसांमध्यें भिंती आहेत, तेथें अनुभवाची देवघेव थांबते व पारख अपुरी राहते. म्हणूनच ते लोकशाहीस केवळ राज्यपद्धति न मानतां एकत्र जगण्याची रीत मानीत. डॉ. आंबेडकरांच्या सबंध कार्यांतून या उत्तरास धार आली: ज्यानें रूढीचा भार सोसला त्याची साक्ष घेतल्यावांचून निवाडा होऊंच शकत नाहीं.

लाभ तें सत्य, या समजुतीचा फोलपणा येथें उघड होतो. लाभ एकाचा असूं शकतो. कसोटी मात्र सर्वांच्या अनुभवाची लागते. १ जून १९५२ रोजीं ड्यूई निवर्तले, आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांनीं कोलंबिया विद्यापीठानें त्यांच्या या शिष्यास सन्माननीय पदवी दिली. गुरुशिष्यांची भेट हुकली. पण गुरूंनीं शिकविलेल्या विचाराची पारख तोंवर शिष्यानें आपल्या देशांत करून दाखविली होती.