नूह अलैहिस्सलाम, भेंडवळचे घट आणि पावसाचा अंदाज

अक्षय तृतीयेला संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला (तालुका जळगाव जामोद) शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, पाण्याचं भांडं, पुरी, पापड, विड्याचं पान. रात्री तिथे कुणी थांबत नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज दाणे कुठे सरकले, ढेकळं किती भिजली ते पाहून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी घालून दिलेली ही प्रथा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचं म्हणतात.

याला शास्त्रीय आधार नाही, हे मलाही मान्य आहे. तरी शेतकरी मोठ्या संख्येने येतात. भाकीत चुकलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

सरकारी अंदाजाच्या नशिबी हे भाग्य नव्हतं. १८७५ साली हवामान खातं स्थापन झालं. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर पावसाचा अंदाज आधी कळावा ही निकड वाढली आणि १८८६ साली ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून हंगामाचा अंदाज दिला. पुढे १८९९ साली इलियट यांनी चांगल्या पावसाचं भाकीत केलं, आणि नेमका त्याच वर्षी भीषण दुष्काळ पडला. वऱ्हाडही होरपळला. वर्तमानपत्रांनी खात्याला झोडपलं. नंतर काही वर्षं अंदाज जनतेला देणंच थांबलं. आज अंदाज कितीतरी सुधारलाय, पण तो येतो ‘सरासरीच्या इतके टक्के’ अशा भाषेत. भेंडवळला मात्र कपाशीचं काय, तुरीचं काय, जुलैत काय, हे सांगतात. आपल्या शेताबद्दल कुणीतरी बोलतंय, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

आता आपल्याकडे पाहू. ऊन वाढलं, गारपीट झाली की जुम्म्याच्या बयानात कयामतची निशाणी, अजाब, एवढंच ऐकू येतं. ऐकणारा घाबरतो आणि घरी जातो. करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

कुरआनातली सूरह नूह मला इथे आठवते. नूह अलैहिस्सलाम रात्रंदिवस बोलावत राहिले, तर लोकांनी कानात बोटं घातली, अंगावर कपडे ओढून घेतले. उघडपणे सांगून झालं, खासगीत सांगून झालं. इशारा तर होताच; पण माफी मागा म्हणताना ते पुढे भरपूर पावसाबद्दल, बागांबद्दल, नद्यांबद्दल बोलतात. लोकांनी तरीही ऐकलं नाही, हे खरं. पण जलप्रलय समोर असताना हा पैगंबर बागांची गोष्ट काढतो, हे आपल्या खतिबांच्या नजरेतून का सुटतं?

जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद-संग्रामपूर भागात अतिवृष्टीने शेतं खरवडून गेली. हाच भाग खारपाणपट्ट्यातला; इथे गोड पाण्याचा थेंब जपावा लागतो. मी अनेक मशिदींतून नमाज पढून बाहेर आलोय. आत जहन्नमच्या आगीचं वर्णन झालेलं असतं आणि बाहेर वजूखान्याचं पाणी सरळ नालीत वाहत असतं.