पारदर्शक स्फटिकाला रंग चढतो कसा?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी चालू आहे ना? मग ‘लेसरने पारदर्शक स्फटिक का रंगतो?’ याला ‘तापतो म्हणून’ असं उत्तर देऊ नका. मी दिलं होतं.

गोष्ट मिठापासून सुरू होते. १८९०च्या दशकात गोल्डश्टाइन यांनी कॅथोड किरण सोडले आणि रंगहीन क्षार रंगले. पुढे गटिंगेनला पोल यांच्या गटाने हे रंग वर्षानुवर्षं मोजले. जर्मन भाषेत रंगकेंद्र म्हणजे ‘फार्बत्सेंट्रुम’, त्यातलाच ‘एफ’ आपल्या एफ-सेंटरमध्ये आला. १९३७ साली द बूर यांनी उलगडा केला: ऋण आयनाच्या रिकाम्या जागेत इलेक्ट्रॉन अडकतो. मिठात तो निळा प्रकाश शोषतो, म्हणून मीठ पिवळट दिसतं.

एक्स-किरणाच्या एका फोटॉनकडे यासाठी भरपूर ऊर्जा असते. पण ८०० नॅनोमीटरच्या लेसर फोटॉनकडे असते जेमतेम १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि बेरियम फ्लोराइडचा बँड गॅप सुमारे ९! एकेक फोटॉन कितीही पाठवा, उपयोग शून्य. सकाळी डोंबिवलीला लोकलच्या दारात आठवा: एकेकाने ढकलून कोणी आत जात नाही, मागून सहा जणांचा एकदम रेटा लागतो. १९८५ मध्ये स्ट्रिकलँड आणि मुरू यांच्या युक्तीमुळे अतिलघु स्पंद इतके तीव्र झाले की हा रेटा शक्य झाला. ६ × १.५५ = ९.३. हिशोब जमतो.

आता आपल्याच लोकलच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये या. २००९ मध्ये दीपक माथुर आणि धर्माधिकारी यांच्या गटाने नेमका हाच स्फटिक घेतला. सुटलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेला होल जालकात क्षणभर अडकतात, मग ३३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देऊन विझतात. त्या प्रकाशाने लेसरची वाटच दिसली: किरण एकवटतो, पसरतो, पुन्हा एकवटतो. मला यातलं सर्वांत आवडतं ते हे, की मोजणारं साधन स्फटिकातच होतं. सहा फोटॉनांचा मामला असल्याने तीव्रता दुप्पट झाली की प्रकाश ६४ पट! म्हणून फक्त एकवटलेल्या जागाच चमकतात.

हा प्रकाश तात्पुरता, बरं का. लिथियम फ्लोराइडसारख्या स्फटिकात मात्र फ्लोरीन जागेवरून सरकतो आणि मागे रंगकेंद्र उरतं. स्फटिक पुरेसा तापवला की तो रंग जातो. म्हणजे माझं उत्तर बरोब्बर उलटं होतं.

‘सहाच फोटॉन कशावरून?’ असं विचारलं, तर स्पंदाची ऊर्जा आणि प्रकाश यांचा लॉग-लॉग आलेख काढा, अपेक्षित उतार सहा. फक्त मोजमाप कमी ऊर्जेला करा. फिलामेंट तयार झालं की तीव्रता फारशी वाढत नाही आणि उतार फसवतो.